सव्वीस म्हणजे किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीने एसीवर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. ऊन, पाऊस, चांदणं हे आमचे नेहमीचे विषय. पण आता माणसं ऊन खिडकीबाहेर ठेवून आत यंत्र लावून बसली आहेत. तेव्हा ते यंत्र कवितेत नाही तरी निदान बोलण्यात यायला हरकत नसावी. मी शिकलो बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते कोणाही बी.ए.ला कळेल इतपतच आहे, याची खात्री बाळगा.

उन्हाळा आला की घराघरांत एका आकड्यावरून वाद सुरू होतात. एक म्हणतो, अठरावर ठेव. दुसरा म्हणतो, बिल कोण भरणार, सव्वीसवर ठेव. रात्री कोणाला तरी थंडी वाजते, कोणाला तरी घाम फुटतो आणि प्रत्येक जण रिमोट हातात घेऊन दुसऱ्याला तो आकडा दाखवतो. "हे बघ, सव्वीस आहे. सव्वीसमध्ये कोणाला थंडी वाजते का?" आकडा दाखवला की वाद मिटला, असं आपण धरून चालतो.

पण श्रोतेहो, बहुतेक घरांतल्या रिमोटवर दिसणारा तो आकडा म्हणजे खोलीचं तापमान नव्हे. ती आपली मागणी आहे. वाण्याच्या दुकानात आपण यादी लिहून देतो, गहू पाच किलो. यादीत पाच लिहिलं म्हणून पिशवीत पाच पडले असं होत नाही. ते काट्यावर ठरतं. आणि काट्यात खोट असेल तर यादी कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेली असो, पिशवी हलकीच घरी येते. आपल्याकडे त्याला काटा मारणं म्हणतात. एसीतही असाच एक काटा असतो. त्याचं नाव सेन्सर. पाठ्यपुस्तकं त्याला संवेदक म्हणतात. संवेदना आणि संवेदक एकाच घरातले शब्द आहेत, म्हणून मला तो शब्द आवडतो.

भिंतीवरच्या एसीचं पुढचं झाकण उघडलं की जाळीची गाळणी, म्हणजे फिल्टर दिसतो. त्याच्या मागे, खोलीतली हवा जिथून आत ओढली जाते तिथे, प्लॅस्टिकच्या चिमट्यात दोन बारीक तारांच्या टोकाला एक काळा मणी बसवलेला असतो. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. हा खोलीच्या हवेचा सेन्सर. त्याचाच एक भाऊ तांब्याच्या टोपीत घालून आतल्या थंड नळ्यांना चिकटवलेला असतो. तो नळ्यांचं तापमान सांगतो, म्हणजे त्यांवर बर्फ धरू लागला तर यंत्राला वेळेत कळावं. इन्व्हर्टर एसी असेल तर बाहेरच्या पेटीतही अशी दोन-तीन भावंडं असतात. एवढं मोठं यंत्र, एवढा मोठा कॉम्प्रेसर, पण कधी चालायचं आणि कधी थांबायचं हे तो या मण्याच्या शब्दावर ठरवतो.

या मण्याच्या गुणाची गोष्ट जुनी आहे. लंडनचा मायकेल फॅरडे हा तरुणपणी पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता तो शास्त्रज्ञ झाला. १८३३ साली त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. धातू तापवला की तो विजेच्या प्रवाहाला जास्त अडवतो. पण सिल्व्हर सल्फाइड हा पदार्थ तापवला तर तो प्रवाहाला कमी अडवत होता. या उलट्या स्वभावाचा उपयोग व्हायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९३०च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल रुबेन आणि इतरांच्या कामातून असा सुटा भाग वापरात आला. त्याला थर्मिस्टर म्हणतात. आपल्या एसीतला मणी याच कुळातला.

आणि खुद्द एसीचा जन्म माणसासाठी झालाच नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारं यंत्र त्या छापखान्यासाठी आखून दिलं. म्हणजे एक पुस्तकबांधणीवाला आणि एक छापखाना. एसीशी कवीचं काही नातं नाही असं आता कोणी म्हणू नये.

आता हा मणी बोलतो कसा ते पाहू. त्याची भाषा एकच, विजेला होणारा रोध. रोध मोजायचं माप ओहम, आणि हजार ओहम म्हणजे एक किलोओहम. बऱ्याच एसींत असा मणी असतो की २५ अंश सेल्सिअसला त्याचा रोध १० किलोओहम असतो. हवा तापली की रोध उतरतो, गार झाली की चढतो. नेहमीच्या प्रकारचा मणी असेल तर ३५ अंशांना तो साडेसहाच्या आसपास येतो आणि बर्फाच्या पाण्यात, म्हणजे शून्य अंशाला, ३२-३३ किलोओहमपर्यंत जातो. काही कंपन्या ५, १५ किंवा २० किलोओहमचे मणी वापरतात. एसीच्या पोटात एक छापील सर्किट असतं. मेकॅनिक लोक त्याला कार्ड म्हणतात. ते कार्ड या रोधावरून तापमान ताडतं, आपल्या मागणीशी ताडून पाहतं आणि कॉम्प्रेसरला हुकूम देतं.

मणी बिघडतो तीन तऱ्हांनी. पहिली, तार तुटली. उंदराने कुरतडली, नाहीतर साफसफाईत ओढली गेली. मग रोध अफाट होतो. दुसरी, दोन तारा एकमेकींना चिकटल्या. मग रोध शून्य. या दोन्ही वेळी कार्डाला लगेच कळतं की काहीतरी गडबड आहे. कारण पृथ्वीवरच्या कोणत्याही खोलीचं तापमान असं असूच शकत नाही. ते दिवा लुकलुकवतं, नाहीतर काचेवर अक्षर-आकड्यांची खूण दाखवतं. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, तिचा अर्थ एसीबरोबर आलेल्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या मेकॅनिकजवळच्या तक्त्यात असतो.

तिसरी तऱ्हा मात्र वेगळी. मणी तुटत नाही, मुका होत नाही. तो बोलत राहतो, पण चार-सहा अंशांनी खोटं बोलतो. खोली बावीस अंशांवर असते आणि तो सांगतो, सत्तावीस. सत्तावीस हा काही अशक्य आकडा नव्हे. कार्डाला शंका यायचं कारण नाही. दिवा लुकलुकत नाही, खूण उमटत नाही. यंत्र अगदी इमानदारीने, खोट्या साक्षीवर काम करत राहतं. मुका साक्षीदार लगेच पकडला जातो, पण पटेल असं खोटं बोलणारा पकडला जात नाही. कोर्टात आणि गावातही आपण हे पाहतो. यंत्रातही ते तसंच आहे हे मला आमच्या घरातल्या एसीने दाखवलं.

आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना जातो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री डोक्यावर तव्यासारखा धग सोडतो. पूर्वी गच्चीवर पाणी मारायचं आणि तिथेच अंथरुणं टाकायची. अम्मीचं वय ऐंशीच्या पुढे गेलं, गच्चीचा जिना तिला जमेना. त्यात दमा. तेव्हा तिच्या खोलीत एसी बसवला, साधा, इन्व्हर्टर नसलेला. चार-पाच उन्हाळे त्याने नीट काम केलं. मग २०२३ सालच्या एप्रिलमध्ये अम्मी पहाटे चादर ओढून बसलेली दिसू लागली. सोलापूरची चादर, म्हणजे साधंसुधं पांघरूण नव्हे. तरी ती कुडकुडायची आणि सकाळी छाती घरघरायची. दम्याच्या माणसाला गार, कोरडी हवा बाधते.

माझा मुलगा रिमोट दाखवायचा. "दादी, सव्वीसवर आहे. यापेक्षा जास्त ठेवलं तर पंखाच बरा." अम्मी आकड्याकडे बघायची नाही. ती एसीकडे बोट करून मला म्हणायची, "इसकू बोल रे, अब बस कर बोलके." यंत्राला कोणीतरी सांगायला हवं की आता पुरे, एवढंच तिचं म्हणणं. श्रोतेहो, नेमकं निदान तेच होतं. यंत्राला 'पुरे' सांगणारा जो होता, तोच सांगत नव्हता.

पहिले मेकॅनिक आले. त्यांनी झाकण उघडलं, हाताने हवा पाहिली, पाच मिनिटं कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "कॉम्प्रेसर थांबतच नाही. कार्ड गेलंय. बदलावं लागेल." खर्च त्यांनी हजारांत सांगितला. त्यांच्या बोलण्यात तर्क नव्हता असं नाही. कार्डावर रिले नावाचा एक छोटा खटका असतो, तो कॉम्प्रेसरला जोडतो आणि तोडतो. त्याची टोकं जळून चिकटली तर कॉम्प्रेसर थांबत नाही. पण 'असं होऊ शकतं' आणि 'असं झालंय' यांत अंतर असतं आणि ते अंतर मोजूनच कापावं लागतं. त्यांच्या पिशवीत मीटर होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

मी त्यांना म्हटलं, विचार करून सांगतो. त्या संध्याकाळी मी बाजारातून भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर आणला. स्वस्तातली वस्तू. तो एसीच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत जाते तिथे, दोऱ्याने अडकवला. रात्री दोन वाजता पाहिलं. रिमोटवर सव्वीस, थर्मामीटरवर बावीस, आणि बाहेर कॉम्प्रेसर घुमतोच आहे. म्हणजे अम्मीचं म्हणणं खरं ठरलं. मग मी रिमोटवर एक-एक अंश वाढवत गेलो. सत्तावीस, कॉम्प्रेसर चालू. थोडा वेळ थांबलो. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. कुठेतरी आतून 'टक्' असा आवाज आला आणि बाहेरची घुमघुम बंद झाली.

या एका 'टक्'मध्ये बरंच काही होतं. रिले चिकटलेला असता तर तीसवर नेऊनही कॉम्प्रेसर थांबला नसता. तो थांबला, म्हणजे खटका शाबूत. कार्ड मागणी ऐकत होतं, हुकूमही देत होतं. फक्त बावीस अंशांच्या खोलीला ते आणखी गरम समजत होतं. संशय आता काट्यावर आला.

दुसऱ्या दिवशी आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग शिकून बाहेर पडलेला आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा आला. मला चाचा म्हणतो. रात्रीची हकिकत ऐकल्यावर त्याने आधी भिंतीवरचा एमसीबी पाडला. नुसता रिमोटने एसी बंद करून भागत नाही, आत वीज असतेच. मग कार्डावरून सेन्सरचा प्लग उपसला, तारांना पकडून नव्हे, प्लगला पकडून. टोकं पाहिली, गंज नव्हता. मग मीटर ओहमवर लावला.

दुपारची वेळ होती, एसी बंद, खोलीत माझा थर्मामीटर ३४ दाखवत होता. चौतीसला मीटरवर पावणेसात-सातच्या दरम्यान आकडा हवा होता. दिसला साडेपाचच्याही खाली. त्याने तक्ता पाहिला आणि म्हणाला, "चाचा, ह्याच्या हिशोबानं खोलीत चाळीस अंश आहे." मग तो अम्मीकडे वळून म्हणाला, "दादी, थोडा बर्फ मिळेल का?"

ही बर्फाची कसोटी मला फार आवडली. पेल्यात बर्फाचा चुरा, त्यात भिजेल एवढंच पाणी, आणि चांगलं ढवळायचं. अशा मिश्रणाचं तापमान शून्य अंश असतं. त्यासाठी कोणत्या प्रयोगशाळेचा शिक्का लागत नाही. सोलापुरात असो की श्रीनगरात, वितळता बर्फ आपला शब्द बदलत नाही. त्याने मण्यावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, म्हणजे पाणी तारांना लागू नये, आणि तो पेल्यात सोडून तीन-चार मिनिटं थांबला. आकडा चढत चढत पंचवीसच्या आसपास थांबला. तिथे ३२-३३ किलोओहम हवे होते. बर्फालाही तो पाच-सहा अंश म्हणत होता. खोलीत पाच-सहा अंश जास्त, बर्फात पाच-सहा अंश जास्त. दोन ठिकाणी तपासलं आणि खोटं सारखंच निघालं. आता शंका राहिली नाही. जवळून पाहिलं तेव्हा मण्यावरच्या काळ्या लेपाला केसासारखी चीर दिसली. अशा चिरेतून ओल आत गेली की रोध उतरतो, आणि रोध उतरला की मणी खोलीला गरम म्हणू लागतो.

त्याने त्याच जातीचा नवा मणी आणून बसवला. खर्च काही शे रुपयांत आटोपला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'सगळे सेन्सर सारखेच' असं म्हणून हाती येईल तो बसवू नये. १० किलोओहमच्या जागी ५ किलोओहमचा मणी लावला, तर पंचवीस अंशांच्या खोलीला कार्ड एक्केचाळीस-बेचाळीस समजेल आणि कॉम्प्रेसर कधीच थांबणार नाही. नवा सुटा भाग, अगदी निर्दोष, आणि तरी साक्ष खोटी. कारण त्याची भाषाच वेगळी.

याच्या उलटही घडतं आणि ते जास्त घरांत घडत असावं असं मला वाटतं. प्लगच्या टोकांना गंज चढला की रोध वाढतो. रोध वाढला की मणी खोलीला गार म्हणतो. किंवा साफसफाईत मणी चिमट्यातून निसटतो आणि थंड नळ्यांना टेकतो. मग खोलीत एकोणतीस-तीस असतानाच कॉम्प्रेसर थांबतो. घरातली माणसं रिमोट सोळावर नेतात. थोडा वेळ बरं वाटतं, पुन्हा घाम. आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य येतं, "गॅस कमी झालाय, भरून घ्या."

श्रोतेहो, एसीतला गॅस मोटारीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणं. आणि गळती नसताना गॅस भरणं तर निव्वळ खर्च. शिवाय हवेत सुटलेला हा गॅस निरुपद्रवी नाही. आजच्या बऱ्याच एसींत आर-३२ नावाचा वायू असतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट भारी पडतो. आपली खोली गार करायला आपण सगळ्यांचा उन्हाळा वाढवत नाही ना, एवढं तरी पाहायला हवं.

गॅसचा संशय घरी प्राथमिक पातळीवर तपासता येतो. फिल्टर धुऊन घ्यावा. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्यावा. कॉम्प्रेसर चालू असतानाच, आत जाणाऱ्या हवेचं आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान थर्मामीटरने पाहावं. दोन्हींत साधारण आठ ते बारा अंशांचा फरक दिसत असेल तर यंत्र गारवा तयार करतं आहे. मग प्रश्न गारव्याचा नाही, तो वेळेआधी थांबतो याचा आहे. फरकच पडत नसेल, किंवा नळ्यांवर बर्फ धरत असेल, तर गॅस, पंखा किंवा नळ्यांच्या सेन्सरकडे पाहावं लागेल, आणि ते जाणत्या मेकॅनिकचं काम.

आणखी एक सोपी गोष्ट, जी तपासायला एक रुपयाही लागत नाही. काही एसींच्या रिमोटमध्येच एक सेन्सर असतो. एक बटण दाबलं की यंत्र भिंतीवरच्या मण्याऐवजी रिमोटचं ऐकू लागतं. कल्पना चांगली, कारण माणूस जिथे बसलाय तिथलं तापमान कळतं. पण ते बटण चुकून दाबलं गेलं आणि रिमोट उशीखाली गेला, टीव्हीवर राहिला किंवा खिडकीतल्या उन्हात पडला, तर यंत्र बिचारं उशीखालचा उन्हाळा दूर करत बसतं. मेकॅनिकला फोन करण्याआधी हे बटण पाहून घ्यावं.

क्रम असा ठेवावा. आधी रिमोटचं बटण. मग फिल्टर. मग थर्मामीटर हवा आत जाते तिथे टांगून वीस मिनिटांनी आकडा पाहणं. मग मागणी वर-खाली करून कॉम्प्रेसर हुकूम ऐकतो का ते पाहणं. इन्व्हर्टर एसीत 'टक्' ऐकू येणार नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर सहसा पूर्ण थांबत नाही, हळू होतो. पण बाहेरच्या पेटीचा आवाज कमी झालेला कळतो. इथपर्यंत कोणीही जावं. पुढचा भाग, म्हणजे झाकण खोलणं, प्लग उपसणं, मीटर लावणं, हा मेकॅनिकचा. बाहेरच्या पेटीला तर हात लावूच नये. तिथल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार शिल्लक राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

पण मेकॅनिक आला की आपण एक प्रश्न जरूर विचारावा, "मोजून पाहिलंत का?" विचारण्यात अपमान नाही. कपडे शिवताना शिंपी माप घेतो, रक्त तपासल्याशिवाय डॉक्टर साखरेची गोळी लिहून देत नाही. जो मोजतो त्याला हा प्रश्न आवडतो. आमच्या मोहल्ल्यातल्या त्या मुलाने आकडे वहीत लिहून मला दाखवले होते. त्या एका गोष्टीसाठी मी त्याचं नाव सगळ्या नातेवाइकांना दिलं आहे. आपल्या गावांतून अशी मुलं आयटीआयमधून दरवर्षी बाहेर पडतात. त्यांनी अंदाजाने सुटे भाग बदलायचं शिकायचं की मोजायचं, हे आपण त्यांना काय विचारतो यावरही ठरतं.

आता बिलाकडे येऊ. १ जानेवारी २०२०पासून स्टार लावलेल्या घरगुती एसींना, सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर यायचं बंधन आहे. मागणी एक अंशाने वाढवली तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. हा हिशोब उलटा करून पाहा. मणी पाच अंशांनी खोटं बोलत असेल तर तुम्ही सव्वीस मागून एकवीसचं बिल भरत असता. नियम पाळणारा माणूसही नियम मोडत असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

पण बिल ही दुय्यम गोष्ट आहे. मला खरं सांगायचं आहे ते दुसरंच. घरात ज्यांच्यासाठी आपण एसी लावतो त्यांत म्हातारी माणसं असतात, तान्ही मुलं असतात, आजारी असतात. तान्ह्या मुलाला सांगता येत नाही. म्हाताऱ्यांचं शरीर वयाने मंदावतं, तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, उकाडा आणि गारठा दोन्ही उशिरा जाणवतात. त्यांच्या शरीरातला मणीही झिजलेला असतो. म्हणून वयस्क माणूस जेव्हा "थंडी वाजते" किंवा "गुदमरतंय" असं म्हणतो, तेव्हा ते बरंच झाल्यावर म्हणतो. अशा वेळी आपण त्याला रिमोटवरचा आकडा दाखवून गप्प करतो. आकडा ज्ञानी आणि माणूस अडाणी, असा आपला समज झाला आहे. ताप आला की आपण कपाळावर हात ठेवतो आणि थर्मामीटरही लावतो. हाताने थर्मामीटर रद्द होत नाही, थर्मामीटरने हात रद्द होत नाही. खोलीच्या बाबतीतही दोन साक्षी असाव्यात.

तेव्हा या उन्हाळ्यात एसीची सर्व्हिसिंग करून घ्याल, त्या दिवशी एक साधा थर्मामीटर आणून म्हातारं माणूस झोपतं त्या खाटेजवळ टांगा. त्याच्यावर कंपनीचं नाव नसलं तरी चालेल, बर्फाच्या पाण्यात शून्याच्या जवळपास येतो एवढं पाहून घ्या. आणि पहाटे कधी जाग आली तर उठून आकडा पाहा, मग खाटेवरच्या माणसाचे पाय हाताने चाचपा. पाय गार लागले तर रिमोट काहीही म्हणो, यंत्राला सांगा, अब बस कर.